बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत

नकाशावर सोलापूरच्या विमानतळापासून लातूरच्या विमानतळापर्यंत पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तर ती सुमारे १०३ किलोमीटर भरते. तुळजापूर तिच्या पश्चिमेस दहाएक किलोमीटरांवर राहते, आणि ज्या गावाची हकीकत मला सांगावयाची आहे ते बार्शी त्याहूनही पश्चिमेला, रेघेपासून जवळजवळ ५८ किलोमीटर दूर पडते. तासाला ४०० किलोमीटर वेगाने उडणाऱ्या विमानास एवढे अंतर तोडण्यास पंधरा-सोळा मिनिटे पुरतील, असे त्रैराशिक कोणीही शाळकरी मुलगा मांडील आणि त्याचे उत्तर बिनचूकही येईल. परंतु बार्शीच्या माणसाला ती पंधरा मिनिटे उपभोगावयाची झाली, तर आधी वैरागच्या सडकेने सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर जाऊन सोलापूर गाठले पाहिजे, आणि तेवढ्या वेळात तो सडकेनेच लातूरचा बहुतेक रस्ता चालून गेलेला असेल. प्रवासाचा काळ मोजताना वाहनाचा वेग सर्वांत आधी डोळ्यांत भरतो. बार्शीच्या लोकांनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या निराळेच माप वापरले आहे. वाहन आपल्या वेशीपासून किती लांब उभे राहते, हे ते माप. या मापाचा इतिहास बार्शीत जितका स्पष्ट दिसतो तितका महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्या गावी दिसत असेल असे मला वाटत नाही.

बार्शीचे ग्रामदैवत भगवंत. श्रीविष्णूचे ‘भगवंत’ या नावाने असलेले हे मंदिर दूरवर प्रसिद्ध आहे, आणि ते अंबरीष राजाच्या कथेशी जोडलेले आहे. एकादशीचे व्रत करणाऱ्या अंबरीषाकडे द्वादशीच्या दिवशी दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले आणि स्नानास म्हणून गेले ते वेळेवर परतले नाहीत. द्वादशी सरण्यापूर्वी पारणे फेडले नाही तर व्रतभंग, आणि अतिथीला टाकून जेवावे तर अतिथिधर्माचा भंग, अशा पेचात राजाने केवळ जलप्राशन करून पारणे फेडले. दुर्वासांचा कोप झाला, सुदर्शन चक्र त्यांच्या पाठीशी लागले, आणि तिन्ही लोक धुंडाळूनही त्यांना आश्रय मिळाला नाही; शेवटी ते ज्या दारातून पळाले होते त्याच दारी परत आले. द्वादशीला आपल्याकडे बारस म्हणतात, आणि त्या बारशीवरूनच गावाला बार्शी हे नाव पडले, असे गावातील जुनी माणसे सांगतात. भाषाशास्त्राच्या कसोटीस ही व्युत्पत्ती उतरते की नाही याचा निर्णय पंडितांनी करावा. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की, ज्या गावाच्या मूळकथेतच वेळेवर पोहोचण्याचा आणि न पोहोचण्याचा प्रश्न गुंफलेला आहे, त्या गावाच्या पुढील सर्व व्यवहारात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला.

बार्शीचे स्थानच असे आहे की तिथे पेठ उभी राहावी. पूर्वेस आणि उत्तरेस बालाघाटचा डोंगर. त्याच्यावरचे पठार ते मोगलाईचे, म्हणजे निजामाच्या अमलाखालचे. आणि डोंगराच्या पायथ्याशी इंग्रजी मुलखाच्या अगदी कडेला बार्शीचा कसबा. वरच्या मुलखातील कापूस, ज्वारी, तूर, करडई, जवस ही सर्व जिन्नस येडशीच्या बाजूने घाट उतरून खाली आली की पहिला मोठा बाजार लागे तो बार्शीचा. लमाणांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर गोणी लादून हा माल आणावा, अडत्यांनी तो उतरवून घ्यावा, हुंड्यांचा व्यवहार व्हावा, आणि परतताना मीठ, नारळ, कापड घेऊन तांडा पुन्हा डोंगर चढावा, असा हा क्रम. त्या काळी अंतर कोणी मैलांत सांगत नसे. अमुक गाव चार कोस, तमुक गाव दोन मजला. आणि त्याहून जवळचे असेल तर घटका-दोन घटकांची वाट. कोस हे माप लांबीचे खरे, परंतु ते पायांनी आणि बैलांच्या खुरांनी मोजलेले असल्यामुळे घाटातला कोस आणि सपाटीवरचा कोस यांत फरक पडे, आणि तो फरक सर्वांना मान्य असे. आजच्या काटेकोर दृष्टीला हा अजागळपणा वाटेल. वास्तविक त्या मापात अंतर आणि वेळ ही दोन्ही एकाच शब्दात मावत होती, आणि प्रवाशाला ज्याची गरज असते ते नेमके हेच.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुण्याहून आग्नेयेकडे सरकत सरकत १८५९ साली या प्रदेशात पोहोचली आणि १८६० साली सोलापूरला भिडली. इंजिनिअरांनी मार्ग आखला तो भीमेच्या खोऱ्यातील सोयीस्कर जमीन पाहून, आणि त्या मार्गावर बार्शी आली नाही. ती राहिली रुळांपासून २१-२२ मैल बाजूला. मग कुर्डुवाडी या लहानशा खेड्याजवळ स्टेशन झाले आणि त्या स्टेशनाला नाव मिळाले ‘बार्शी रोड’.

हा ‘रोड’ शब्द रेल्वेच्या परिभाषेतला फार अर्थपूर्ण शब्द आहे. गाव जिथे नाही, परंतु गावाकडे जाणारा रस्ता जिथून फुटतो, अशा स्टेशनाला गावाच्या नावापुढे ‘रोड’ लावण्याचा रिवाज आपल्याकडे पडला. नाशिक रोड आणि अक्कलकोट रोड ही त्याचीच उदाहरणे. नावात गाव आहे पण गाडीत बसून गावात पोहोचता येत नाही, हे त्या एका शब्दाने प्रवाशाला आगाऊ कळविले जाते. बार्शी रोडला उतरलेल्या माणसासमोर मग दहा-अकरा कोसांची सडक असे, मध्ये सीनेचे पात्र आडवे येई, आणि लादलेली बैलगाडी ताशी दोन मैलांनी चालली तर एक संपूर्ण दिवस किंवा एक संपूर्ण रात्र तिला लागे. उन्हाळ्यात लोक रात्री गाड्या जुंपत. पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल चाकांच्या आऱ्यांपर्यंत चढे आणि तेव्हा दिवसांचा हिशेब करण्यात अर्थ उरत नसे. मुंबई ते बार्शी रोड हे सव्वादोनशेहून अधिक मैलांचे अंतर आगगाडी एका दिवसाच्या आत काटी. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या अंतराला तेवढाच वेळ लागे. कापसाच्या भावाची खबर मुंबईहून तारेने क्षणात येई, आणि कापूस मात्र बैलाच्या पावलाने जाई, ही विसंगती बार्शीच्या व्यापाऱ्यांच्या मनात किती सलत असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

ही विसंगती ज्या परक्या माणसाच्या मनात सलली त्याचे नाव एव्हरर्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. जन्म १८५७ चा, इंग्लंडातील. क्रू येथील रेल्वे कारखान्यात उमेदवारी करून तो १८८२ साली हिंदुस्थानात आला आणि जी. आय. पी. रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर झाला. मुख्य लोहमार्गाच्या दोहो बाजूंना पसरलेला समृद्ध परंतु रस्त्यावाचून अडलेला मुलूख नित्य नजरेसमोर असल्यामुळे त्याच्या मनाने असे घेतले की, मोठ्या रुळांना माल पुरविणाऱ्या लहान शाखा बांधल्यावाचून मोठ्या रुळांचे सार्थक व्हावयाचे नाही. १८८७ पासून त्याने या उद्योगासाठी लंडनमध्ये कंपनी उभारण्याची खटपट चालविली. सरकारी दफ्तरांतून खलिते गेले आणि आले, मंजुरीस वर्षे लागली, आणि अखेरीस १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी नोंदली गेली. आठ वर्षे एका एकवीस मैलांच्या रस्त्यासाठी झगडणाऱ्या माणसाला मी सामान्य ठेकेदारांच्या मालिकेत बसवू शकत नाही.

त्याचा मार्ग अडीच फुटी रुळांचा होता. मोठा रूळ साडेपाच फुटी, म्हणजे हा त्याच्या निम्म्याहूनही अरुंद. आणि अरुंद रूळ म्हणजे खेळण्यातली गाडी, अशी त्या वेळच्या पुष्कळ इंजिनिअरांची समजूत होती. कॅलथ्रॉपचा विचार निराळा होता. रुळाची रुंदी किती यापेक्षा प्रत्येक आसावर भार किती पडतो याला त्याने महत्त्व दिले, आणि इंजिन असो, डबा असो वा मालवाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये असा एकच दंडक सर्वांना लावला. भार सर्व चाकांवर समान वाटला गेल्यामुळे गजाला तीसेक पौंड वजनाचे हलके रूळ पुरेसे झाले, पूल हलके झाले, खर्च उतरला. आणि दाबून घडविलेल्या पोलादी सांगाड्यांच्या वाघिणी स्वतः हलक्या असूनही भरपूर माल घेऊ लागल्या. इंजिने लीड्सच्या किट्‌सन कंपनीने बांधली. आठ जोडचाके आणि मागे चार चाके अशी त्यांची ठेवण. हे सर्व सामान हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून त्यावर त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या. लढाईच्या वेळी अशा गाड्या तोफा व फौज वाहण्यास कामी येतील, हे कॅलथ्रॉपला लष्करी अधिकाऱ्यांच्या नजरेस आणावयाचे होते. अशा रीतीने भगवंताच्या गावासाठी घडविलेल्या वाघिणी प्रथम धावल्या त्या इंग्लंडात.

१८९७ साली बार्शी रोड ते बार्शी टाउन ही वाहतूक सुरू झाली. ते वर्ष दख्खनच्या दुष्काळाचे होते. सोलापूर जिल्हा त्यात होरपळत होता, आणि धान्य जिथे आहे तिथून जिथे नाही तिथे किती दिवसांत पोहोचते यावर माणसांचे जगणे-मरणे अवलंबून होते. आता तासाला पंधरा मैल एवढा माफक वेग धरला तरी, मधली स्टेशने मोजूनही, बैलगाडीची रात्र दोन तासांवर आली. सोलापूर-लातूर विमानाच्या पंधरा मिनिटांचे आपण आज जे कौतुक करू, त्याच्याशी तुलना करता हे बारा तासांचे दोन तास होणे कितीतरी मोठे होते, कारण ते गावाच्या वेशीवर घडले.

आणि आगगाडीबरोबर घड्याळ आले. त्या काळी हिंदुस्थानातील रेल्वे मद्रासच्या वेळेने चालत. बार्शीच्या रेखांशावर सूर्य मद्रासपेक्षा सुमारे अठरा मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. म्हणजे स्टेशनावरच्या घड्याळात बारा वाजले तेव्हा भगवंताच्या देवळावरची सावली अजून अठरा मिनिटांनी लांब असे. पुढे १९०५-०६ साली सर्व हिंदुस्थानची एक प्रमाणवेळ ठरली आणि हे अंतर सत्तावीस मिनिटांवर गेले, ते आजही तितकेच आहे. बार्शीला घड्याळात सरासरीने बारा वाजून सत्तावीस मिनिटे होतात तेव्हा खरी मध्यान्ह होते. ज्यांचे व्यवहार तिथी, प्रहर आणि घटका यांवर चालत, ज्यांना द्वादशी किती घटका आहे हे पंचांगात पाहून पारणे फेडावयाचे असे, त्यांना दूरच्या एका शहराच्या सूर्यावर आपला दिवस मोजण्याची सवय याच लोहमार्गाने लावली. गाडी हुकली म्हणजे काय, हा अनुभव त्यापूर्वी या मुलखात कोणाला नव्हता.

लोक या गाडीला ‘बार्शी लाईट’ म्हणत. नुसते ‘लाईट’ म्हटले तरी भागे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे रूळ एका बाजूस पंढरपुराकडे गेले, दुसऱ्या बाजूस पांगरी, येडशी या मार्गाने बालाघाट चढून मोगलाईत शिरले, आणि १९११ साली लातूरला पोहोचले. १९२७ साली पंढरपुराहून मिरजेपर्यंतचा शेवटचा टप्पा पुरा झाला. मिरज ते लातूर अशी एकूण २०२ मैलांची ही लाईन, आणि तिच्या दोन टोकांमध्ये सूर्योदयाचे अंतर जवळजवळ आठ मिनिटांचे. बार्शीच्या पुढे काही मैलांवर राज्य बदले. सरहद्द ओलांडली की करोडगिरीची नाकी, म्हणजे निजामाची जकात, आणि चलनही निराळे, हाली सिक्क्याचे. डब्यात बसलेल्या उतारूच्या खिशातील रुपयाची किंमत रूळ न बदलता बदलत असे. पूर्वी मोगलाईचा माल घाट उतरून बार्शीला येत होता तो आता रुळांवरून येऊ लागला. परंतु त्याच रुळांनी लातूरची पेठही वाढविली, आणि पुढे ती बार्शीच्या तोडीस तोड झाली. रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो, ही गोष्ट रस्ता मागणाऱ्यांच्या ध्यानी नेहमीच येते असे नाही. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या लाईनवर येडशी ओलांडल्यावर ‘कळंब रोड’ नावाचे स्टेशन होते. ज्या गाडीने बार्शीच्या नावामागचा ‘रोड’ काढून टाकला, तिनेच तो कळंबच्या नावामागे लावून दिला.

आषाढी-कार्तिकीला या गाडीचे रूप पालटे. एरवी ज्वारीची पोती वाहणाऱ्या वाघिणींतून माणसे बसत, डब्यांच्या टपांवर बसत, इंजिनाच्या पुढच्या पाटीवर बसत. पताका खिडक्यांतून बाहेर येत आणि टाळांचा नाद इंजिनाच्या धापेत मिसळून जाई. पायी वारीचे पुण्य निराळे, हे वारकऱ्यांना कोणी सांगावयास नको होते. तथापि ज्या म्हाताऱ्या आईबापांना पायी चालवत नव्हते, त्यांना या अडीच फुटी रुळांनी विठ्ठलाचे दर्शन घडविले, हे तिचे ऋण सोलापूर, उस्मानाबाद आणि लातूरकडील घराघरांत अजूनही मानले जाते.

कुर्डुवाडीचा प्रश्न मात्र सुटला नाही. लहान रूळ तिथे येऊन संपत आणि मोठे रूळ तिथून सुरू होत. मध्ये फलाटाची रुंदी एवढेच अंतर, पण ते अंतर प्रत्येक पोत्याला माणसाच्या पाठीवरून ओलांडावे लागे. माझे आजोबा बार्शीच्या पेठेत एका अडत दुकानावर दिवाणजी होते आणि मालाबरोबर त्यांना पुष्कळदा कुर्डुवाडीला जावे लागे. ते सांगत की, लहान वाघीण आणि मोठी वाघीण समोरासमोर लावल्या की हमालांची रांग सुरू होई. हातातला लोखंडी आकडा पोत्याच्या कानात अडकवून एकाने झोका द्यावा, दुसऱ्याने पाठ द्यावी, फळीवरून चार पावले जावे आणि आत थप्पी लावावी. प्रत्येक वेळी आकड्याच्या भोकातून मूठभर तूर गळे. रांग संपली की बाया लहान केरसुण्या आणि सुपे घेऊन पुढे होत आणि दगडांच्या फटींतून दाणा न्‌ दाणा वेचून नेत. कित्येक घरांची चूल त्या दाण्यांवर पेटे. आजोबांच्या वहीत ‘कुर्डुवाडी’ म्हणून वेगळा रकानाच असे. त्यात हमाली, घट आणि मुक्काम अशा तीन रकमा पडत. भाडे आणि वेळ यांचा हिशेब मांडताना गाडी किती वेगाने चालली हे त्यांनी कधी लिहिले नाही. कुर्डुवाडीला किती वेळ मोडला हे मात्र नेमाने लिहिले.

कॅलथ्रॉपला हे उणे दिसले नव्हते असे नाही. १९०४ साली इंग्लंडातील स्टॅफर्डशरमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड दरीची जी लाइट रेल्वे सुरू झाली तिचा इंजिनिअर तोच. रूळ बार्शीप्रमाणेच अडीच फुटी, आणि इंजिनांची व डब्यांची ठेवण बार्शीवरूनच बेतलेली. तिथे त्याने अशी वाहक वाघीण घडविली की मोठ्या रुळांवरची संपूर्ण वाघीण, आतला माल न हलविता, लहान रुळांवरच्या या वाघिणीच्या पाठीवर चढवून पुढे न्यावी. कुर्डुवाडीच्या हमालाच्या पाठीचे उत्तर ते हेच. आपल्याकडचा मोठा रूळ इंग्लंडातील मोठ्या रुळाहून कितीतरी रुंद असल्यामुळे म्हणा वा दुसऱ्या कारणाने म्हणा, ते उत्तर बार्शीच्या वाट्याला आले नाही, याची मला हळहळ वाटते.

या माणसाच्या उत्तरायुष्यातील एक प्रकरण विमानांशी जोडलेले आहे, आणि बार्शीत ते फारसे कोणाला माहीत नाही. १९१० साली बोर्नमथ येथे विमान कोसळून त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइस या नावातला रोल्स, मृत्यू पावला. कॅलथ्रॉपने त्यानंतर आपले सर्व चित्त आणि पुष्कळसा पैसा हवाई छत्रीवर खर्च केला. त्याच्या छत्रीचे नाव ‘गार्डियन एंजल’, म्हणजे रक्षक देवदूत. १९१७ साली कॅप्टन कॉलेट या वैमानिकाने ती घेऊन चालत्या विमानातून यशस्वी उडी मारली, आणि त्याच वर्षी लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी घेऊन तिचा प्रत्यय आणून देण्यात आला. महायुद्धात शत्रूच्या प्रदेशात हेर उतरविण्यासाठी ती वापरली गेली. परंतु ब्रिटिश वैमानिकांना मात्र युद्ध संपेपर्यंत छत्र्या देण्यात आल्या नाहीत, आणि जळत्या विमानांतून खाली येण्यास त्यांना दुसरा मार्ग उरला नाही, याचे शल्य कॅलथ्रॉपला राहिले. एकवीस मैलांची सडक आणि आकाशातून जमिनीपर्यंतचे हजार फूट, या दोन्ही ठिकाणी त्याला एकच गोष्ट दिसली: वेगवान वाहन माणसाला जिथे सोडते तिथून त्याच्या ठिकाणापर्यंतचा शेवटचा तुकडा कोणी तरी बांधावा लागतो. १९२७ साली तो वारला. त्याच वर्षी त्याच्या लाईनचे रूळ मिरजेला लागले.

१ जानेवारी १९५४ रोजी लंडनच्या कंपनीकडून ही लाईन सरकारने ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत सामील झाली. त्यानंतरची पन्नास वर्षे मी भराभर ओलांडतो, कारण त्यांत मुख्यतः वाट पाहणे आहे. मोटारी वाढल्या, सडका डांबरी झाल्या, एस. टी. गावोगाव पोहोचली, आणि लाईटचा माफक वेग, जो एके काळी बैलाच्या पावलापुढे विलक्षण वाटला होता, तोच आता मंद ठरला. रूळ रुंद करावेत ही मागणी निवेदनांतून, सभांतून आणि निवडणुकांतून किती वेळा आली याची मोजदाद नाही. शेवटी २००१ साली कुर्डुवाडी ते पंढरपूर, २००७ साली लातूर ते उस्मानाबाद आणि २००८ साली उस्मानाबाद ते कुर्डुवाडी असे टप्पे रुंद झाले. मिरजेकडचा भाग त्यानंतर झाला. जुनी लाईन उस्मानाबादला बगल देऊन येडशीवरून जात असे. नवा मार्ग आखताना तो उस्मानाबादेवरून, म्हणजे आजच्या धाराशिवावरून, वळविण्यात आला, आणि जिल्ह्याच्या गावी प्रथमच आगगाडी आली. मुंबईहून निघालेली गाडी आता कुर्डुवाडीस न बदलता बार्शीवरून थेट लातूरला जाते. १८५९ साली सुरू झालेला विलंब संपावयास एकशे एकोणपन्नास वर्षे लागली.

मग आकाशाची पाळी आली. सोलापूरच्या होटगी रोडवरील विमानतळाच्या धावपट्टीच्या मार्गात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी येत होती. पुष्कळ वर्षे चाललेल्या वादानंतर ती २०२३ च्या जूनमध्ये पाडण्यात आली. २०२४ साली नूतनीकृत विमानतळाचे उद्‌घाटन झाले, २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचे आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचे विमान सुरू झाले. सोलापूर ते मुंबई आगगाडीने ४५५ किलोमीटर. आकाशातून सरळ मोजले तर ते सुमारे ३६० भरते, आणि विमान ते तासाभरात तोडते. या वृत्ताने बार्शीतही आनंद झाला, आणि तो होणे रास्तच होते. आजारी माणसाला मुंबईला न्यावयाचे असेल वा परदेशी निघालेल्या मुलाला पुढचे विमान गाठावयाचे असेल, तर तो एक तास लाखमोलाचा आहे. परंतु सोलापूरच्या विमानतळाचे बार्शीशी असलेले नाते पाहिले की जुन्या वहीतला तो रकाना मला आठवतो. बार्शीहून निघावयाचे, दीड-दोन तास सडकेने जावयाचे, विमान सुटण्यापूर्वी तासभर आधी पोहोचावयाचे, आणि मग तासभर उडावयाचे. विमानतळावर नाव सोलापूरचे आहे. बार्शीकराने मनातल्या मनात त्याला ‘बार्शी रोड’ म्हणावे इतकी ती परिस्थिती जुन्या परिस्थितीशी मिळतीजुळती आहे. सत्तर किलोमीटरांच्या त्या सडकेवर वैरागच्या अलीकडे-पलीकडे उसाच्या ट्रॉल्या लागल्या, की आकाशातला वेग कितीही असो, इथला वेग पुन्हा बैलाच्या पावलावर येतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या काकांना डोळ्यांच्या कामासाठी मुंबईला न्यावयाचे होते. वय पंच्याऐंशीच्या पुढे. मी विमानाचा विचार काढला, त्यांनी शांतपणे सर्व ऐकून घेतले, सडकेचे तास विचारले, विमानाचा तास विचारला, विमानतळापासून दवाखान्यापर्यंतचा वेळ विचारला, बोटांवर बेरीज केली आणि म्हणाले, “आपली रात्रीची गाडी बरी. दारात बसायचं, दारात उतरायचं.” बार्शी स्टेशनावर मध्यरात्रीच्या सुमारास आम्ही गाडीत चढलो, त्यांना खालचा बाक दिला, पांघरूण घातले, आणि ते लगेच झोपले. पाऊण-एक तासाने गाडीचा वेग मंदावला, रुळांचा खडखड आवाज वाढला, खिडकीबाहेर दिवे दिसू लागले, आणि काका आपसूक उठून बसले. अंधारात चाचपडत त्यांनी बाकाखालची पिशवी ओढली, चपला पायांत सरकविल्या, आणि माझ्या खांद्याला हात लावून म्हणाले, “ऊठ रे, कुर्डुवाडी आली.” मी त्यांना सांगितले की आता इथे उतरावयाचे नाही. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले. फलाटावर चहावाला किटली घेऊन चालला होता. पिशवी परत खाली सरकवून ते पडले; चपला मात्र त्यांनी गाडी हलेपर्यंत पायांतच ठेवल्या.